बागेतली नाणी आणि न दाखवलेले खड्डे

मेटल डिटेक्टर घेऊन सार्वजनिक बागेत दिवसभर जुनी नाणी शोधणाऱ्यांचे अमेरिकन व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी एक पाहावा, पुढचे पाच आपोआप समोर येतात. आज आपण या व्हिडिओ-प्रकाराकडे जरा समीक्षकाच्या नजरेने बघू. कुणा एकाच्या व्हिडिओबद्दल मला बोलायचं नाहीये. या सगळ्यांचा मिळून जो एक साचा तयार झालाय, त्याबद्दल बोलायचंय.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे का वाचायचं? कारण असा व्हिडिओ म्हणजे फील्डवर्कच्या अहवालाचं अगदी छोटं रूप असतं. त्यात प्रश्न असतो, जागा निवडलेली असते, उपकरण असतं, नमुना गोळा होतो आणि शेवटी निष्कर्षही सांगितला जातो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जे असतं तेच सगळं, फक्त वीस मिनिटांत. त्यामुळे त्यातल्या फटी चटकन दिसतात. आपल्या प्रबंधात त्याच फटी तीनशे पानांखाली दडून राहतात.

साचा काय आहे?

सकाळी गाडी बागेपाशी थांबते. हीच बाग का निवडली ते सांगितलं जातं: शंभर वर्षं जुनी आहे, इथे पूर्वी बँडस्टँड होता, मोठी झाडं आहेत, म्हणजे सावलीत लोक बसले असणार, बसले म्हणजे खिशातून नाणी पडली असणार. मग हेडफोन चढवायचे, कॉइल डावीकडून उजवीकडे फिरवायची, आणि एक स्वच्छ आवाज येतो. गुडघ्यावर बसून हिरवळ घोड्याच्या नालेच्या आकारात कापायची, एक बाजू तशीच ठेवून तो तुकडा उलटायचा, पिनपॉइंटरने मातीत नेमकी जागा शोधायची. बोटांत हिरवट पडलेली तांब्याची चकती येते. अंगठ्याने माती पुसली की वर्ष दिसतं.

संध्याकाळी टेबलावर मिळकत मांडली जाते. गव्हाच्या लोंब्यांचे सेंट, म्हणजे १९०९ ते १९५८ या काळातले. नशीब चांगलं असेल तर चांदीचा एखादा डाइम. फारच चांगलं असेल तर १९०९ किंवा त्याआधीचा 'इंडियन हेड' सेंट. "या बागेचा इतिहास आज हातात आला" अशा अर्थाचं एखादं वाक्य, आणि व्हिडिओ संपतो.

यात कौतुकासारखं बरंच आहे. जागेची निवड तर्काने केलेली असते. हिरवळ परत नीट बसवणं, खड्डा बुजवणं, कचरा सोबत घेऊन जाणं ही शिस्त चांगले शोधक आवर्जून दाखवतात. परवानगीचंही भान असतं. न्यूयॉर्क शहराच्या बागांसाठी त्याचं रीतसर परमिट मिळतं, आणि राष्ट्रीय उद्यानांत तर वापरण्याजोगा डिटेक्टर जवळ बाळगायलाही मनाई आहे. शिवाय सहा-सहा तास मान खाली घालून चालण्याची चिकाटी. ती आपल्यातल्या किती जणांकडे आहे, हा प्रश्नच आहे.

माझा आक्षेप त्या शेवटच्या वाक्याला आहे. टेबलावर जे मांडलंय तो बागेचा इतिहास आहे का? तो त्या दिवशीच्या शोधाचा ठसा आहे. या दोन्हींत जे अंतर आहे ते कुठे कुठे पडतं, ते आता बघू.

यंत्राला काय ऐकू येतं?

डिटेक्टरची कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूमध्ये बारीक प्रवाह फिरतात आणि त्यांचा परतीचा सिग्नल यंत्र पकडतं. तो सिग्नल धातू, आकार, खोली आणि वस्तू जमिनीत आडवी पडलीय की उभी, यावर ठरतो. यंत्र त्याला एक आकडा देतं. लोखंडाचा आकडा खाली, तांब्या-चांदीचा वर, आणि मधल्या पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे, पाच सेंटचं निकेल आणि सोन्याच्या अंगठ्या अशी खिचडी.

बागेत खिळे आणि पत्र्याचे तुकडे अमाप असतात. प्रत्येकासाठी खणायचं तर दिवस तिथेच संपेल. म्हणून खालचे आकडे बंद करून टाकायची सोय यंत्रात असते. तिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. अगदी व्यवहार्य सोय आहे. पण ती चालू केली त्या क्षणी तुमचा नमुना बदलला.

उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात तांबं युद्धसामग्रीसाठी हवं होतं, म्हणून १९४३ साली अमेरिकेने सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. ते शंभर कोटींहून जास्त होते. तांब्याच्या सेंटचा सिग्नल वर वाजतो. हा मात्र लोखंडासारखा वागतो, आणि ओलसर जमिनीत गंजतोही. आता समजा कुणी अशा पन्नास व्हिडिओंमधल्या सेंटची वर्षं मोजली आणि आलेख काढला. १९४३ ला खड्डा दिसेल. हुशार विद्यार्थी लगेच लिहील: "युद्धकाळात नागरिकांचा सार्वजनिक उद्यानांतील वावर घटला." वाक्य किती छान वाटतं बघा! संदर्भही जोडता येतील. पण तो खड्डा बागेत पडलेलाच नाही. तो यंत्राच्या सेटिंगमुळे पडलाय, गंजामुळे पडलाय, आणि ती नाणी पुढे चलनातून काढून घेतली गेली त्यामुळेही पडलाय.

आपल्याकडे हे कसं होतं? गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला की ज्यांच्याकडे वेळ आणि नेट आहे त्यांचीच उत्तरं येतात. मुलाखती दुपारी घेतल्या की शेतावर गेलेल्या बायका सुटतात. जुन्या वर्तमानपत्रांचं डिजिटल संग्रहात कीवर्डने शोधकाम केलं की फक्त ज्या पानांचं अक्षर नीट वाचलं गेलं तीच हाती लागतात. प्रत्येक साधनाचं काही ना काही डिस्क्रिमिनेशन असतं. ते बंद करता येईलच असं नाही. पण कुठल्या आकड्यावर ठेवलं होतं, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिता येतं. व्हिडिओत ते सहसा सांगत नाहीत.

न सापडलेलं कुठे गेलं?

दुसरी फट संकलनात आहे, म्हणजे एडिटिंगमध्ये. सहा तासांचे वीस मिनिटं होतात तेव्हा काय कापलं जातं? अर्थातच रिकामे तास. बागेचा उत्तरेकडचा कोपरा तासभर चाळला आणि तिथे काहीच वाजलं नाही, ही माहिती आहे. कदाचित तिथे भराव टाकलाय. कदाचित तिथे पूर्वी पाणी होतं. कदाचित कुणीतरी आधीच तो कोपरा साफ केलाय. यातलं नेमकं काय, हे रिकामा कोपरा एकटा सांगू शकत नाही, पण तो नोंदलाच नाही तर प्रश्नसुद्धा उभा राहत नाही.

आणि हे "आधीच कुणीतरी" फार महत्त्वाचं आहे. हा छंद अमेरिकेत १९७०च्या दशकापासून जोरात आहे. लोकप्रिय बागा कित्येकदा चाळून झाल्यात. मोठ्याने वाजणारी, वरवरची चांदी आधी उचलली गेली. १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे होते. १९६५च्या कायद्याने त्यांतली चांदी काढून टाकली. आज बागेत चांदी कमी सापडते याचा अर्थ तिथे पूर्वी गरीब माणसं येत होती असा होत नाही. आधीच्या पन्नास वर्षांत कुणी काय उचललं, याचा हिशेब कुठेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जागेची निवडही बघा. जुनी झाडं, बँडस्टँड, सहलीची मैदानं. जिथे सापडण्याची शक्यता जास्त तिथेच शोधायचं, हे छंदासाठी एकदम बरोबर. पण मग "लोक झाडाखालीच बसायचे" असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तुम्ही शोधलं झाडाखालीच. व्हायव्हात बाहेरून आलेले परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

कचऱ्याची साक्ष

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. दिवसभरात हाती लागणाऱ्या वस्तूंमध्ये कचराच जास्त असतो: बाटल्यांची बुचं, फॉइल, आणि शीतपेयांच्या कॅनची ओढून काढायची कडी, म्हणजे पुल-टॅब. व्हिडिओत ती निघाली की पाश्चात्य संगीत थांबतं, एक सुस्कारा, आणि कडी पिशवीत. बीबीसीच्या 'डिटेक्टोरिस्ट्स' या २०१४ साली सुरू झालेल्या विनोदी मालिकेने निदान या कड्यांना न्याय दिलाय. तिथले दोन मित्र बहुतेक वेळा अशा भंगारावरच समाधान मानतात, आणि मालिकेचा सगळा जीव त्या न मिळण्यातच आहे.

आता संशोधकासारखा विचार करा. तांब्याचा १९१२ चा सेंट बागेत पडला कधी? १९१२ च्या आधी नाही, एवढंच खात्रीने सांगता येतं. नाणी दशकानुदशकं फिरतात. तो सेंट १९५० सालीही कुणाच्या तरी खिशात असू शकतो. पण कॅनपासून पूर्ण सुटी होणारी कडी बघा. तिचा शोध १९६३ च्या सुमाराचा, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यानंतर कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली. सुटी कडी कुणी खिशात घालून वर्षानुवर्षं फिरत नाही. कॅन उघडला, टाकली. म्हणजे काळ ठरवायला ही टाकाऊ कडी नाण्यापेक्षा जास्त भरवशाची. एकाच खड्ड्यात, एकाच थरात सेंट आणि कडी दोन्ही मिळाली, तर त्या मातीची उलथापालथ १९६० नंतर झालीय हे ती कडीच सांगते.

आणि व्हिडिओ ज्या एका वस्तूला साक्षीदार करू शकला असता, तिलाच पिशवीत टाकतो.

तुमच्याही कामात अशी कडी असते. मुलाखतीत "ते सोडा हो, ते काही महत्त्वाचं नाही" असं म्हणून कुणी जे सांगतं ते. दफ्तरातल्या कागदाच्या मागच्या बाजूचा हिशेब. प्रयोगातलं "आउटलायर" म्हणून पुसलेलं वाचन. टाकण्याआधी एकदा मोजा तरी.

नाणं आणि त्याची जागा

आता मुद्दा जरा घराजवळ आणू. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी १३,००० हून जास्त. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, याचा हा अतिशय बोलका पुरावा आपण शाळेपासून ऐकत आलोय.

पण हा पुरावा बोलतो कशामुळे? एका नाण्यामुळे नव्हे. असं ठसा मारलेलं एकच नाणं बाजारात मिळालं असतं तर तीही मौल्यवान वस्तूच असती, पण "दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर पुन्हा ठसा" हे प्रमाण त्यातून कळलं नसतं. जिंकणाऱ्याने शत्रूचा पैसा किती मोठ्या प्रमाणावर आपला करून घेतला, हे कळायला साठा एकत्र बघितला जावा लागला, मोजला जावा लागला. तीच नाणी सुटी सुटी करून तेरा हजार घरांत गेली असती तर? नाणी सगळी शाबूत राहिली असती. इतिहास मात्र गेला असता.

बागेतल्या सेंटचंही लहान प्रमाणात हेच आहे. त्याची किंमत टेबलावर असते, त्याची माहिती जमिनीत असते: किती खोल, कशाशेजारी, कुठल्या मातीत. खोलीवरूनही थेट वय ठरत नाही बरं का. गांडुळं माती वर आणत राहतात आणि वस्तू हळूहळू खाली जातात, हे डार्विनने १८८१ सालच्या आपल्या गांडुळांवरच्या पुस्तकात मांडलं होतं. म्हणजे खोली वाचायलाही शेजारच्या नोंदी लागतात. खड्डा एकदा बुजवला की तिथे पुन्हा कुणाला काही विचारता येत नाही. हिरवळ मात्र जशीच्या तशी दिसते.

हेच यंत्र, वेगळी शिस्त

इथे तुम्ही म्हणाल, "अहो, छंद आहे तो! रविवारी बागेत जाणाऱ्याकडून प्रबंधाची अपेक्षा कशाला?" आक्षेप रास्त आहे. १९५७ चा एक सेंट उचलल्याने जगाचं काही बिघडत नाही, हेही खरं. पण डिटेक्टर आणि हौशी माणसं यांच्याकडून उत्तम संशोधन होऊ शकतं, हे सिद्ध झालेलं आहे.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न इथे जून १८७६ मध्ये लाकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी कस्टरच्या घोडदळाचा पराभव केला. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. त्यानंतर १९८४ आणि १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना सोबत घेतलं. सगळे एका रांगेत, ठरावीक अंतर ठेवून चालले. आवाज आला की खणायचं नाही, झेंडी रोवायची. मग मागची तुकडी येऊन प्रत्येक वस्तूची जागा मोजून नोंदवायची. काडतुसांवर बंदुकीच्या फायरिंग पिनची खूण राहते आणि ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्यामुळे एकाच बंदुकीची काडतुसं रणांगणावर कुठे कुठे पडली ते जोडता आलं, आणि माणसं कशी सरकत गेली ते नकाशावर उमटलं. मूळनिवासी योद्ध्यांनी सांगितलेल्या, पण बराच काळ बाजूला टाकलेल्या हकिकतींकडे त्यानंतर नव्याने बघितलं गेलं.

यंत्र तेच, माणसंही तशीच. फरक झेंडीचा. खणण्याआधी जागा नोंदवायची, एवढा एक नियम.

दुसरं उदाहरण इंग्लंड आणि वेल्सचं. तिथे १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आणि १९९७ पासूनची पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. शोधकाने वस्तू स्थानिक अधिकाऱ्याला दाखवायची, तो ती जागेसकट नोंदवतो. नोंदींत आज १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत. यातली एक गोष्ट गुणात्मक संशोधन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. शोधक जागा लपवतात, कारण उद्या तिथे दुसरे येऊन खणतील ही भीती खरी असते. ही स्कीमसुद्धा सर्वसामान्य वाचकाला नेमकी जागा दाखवत नाही, ढोबळ दाखवते. पण आतल्या नोंदीत ती असते. लपवणं आणि न नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखत देणाऱ्याचं नाव प्रबंधात बदला, जरूर बदला. पण तुमच्या कुलूपबंद वहीत कोण, कधी, कुठे हे हवंच.

या नोंदीही निर्दोष नाहीत. त्यांचा नकाशा नाणी कुठे पडली हे दाखवतो तसंच शोधक कुठे जातात, कुठल्या शेतकऱ्याने परवानगी दिली, हेही दाखवतो. पण निदान त्या उणिवेवर चर्चा करता येते, कारण नोंद आहे.

मग आपण काय करायचं?

एक सूचना आधी. हे वाचून कुणी डिटेक्टर घेऊन गडावर जाऊ नका. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय खणणं हा तर वेगळाच गुन्हा.

आता अभ्यास. असा कुठलाही एक व्हिडिओ लावा आणि वही घेऊन बसा. पाच रकाने पाडा: जागा का निवडली, यंत्र कशावर ठेवलं होतं, किती वेळ रिकामा गेला, काय टाकून दिलं, वस्तू नेमकी कुठे आणि कशाशेजारी होती. बहुतेक व्हिडिओंत पहिला रकाना भरेल, चौथा अर्धा भरेल, बाकीचे कोरे राहतील.

मग त्याच पानाच्या खाली तेच पाच रकाने तुमच्या सिनॉप्सिससाठी पाडा. कोरे राहिलेले रकाने गाईडकडे जाण्याआधी भरता येतात का बघा. जे भरता येणार नाहीत, ते मर्यादांच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. "वेळेअभावी" एवढंच लिहून सोडू नका. उत्तरेकडच्या कोपऱ्यात तासभर फिरलो, काही वाजलं नाही, असं सरळ लिहा. पुढे त्या विषयावर काम करायला येणाऱ्याला ते वाक्य उपयोगी पडेल.